तळोद्याचे मामाघर आणि गौतमाबाईंची खासगी

तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी तळोदा हे तालुक्याचे गाव आहे. आज ते नंदुरबार जिल्ह्यात मोडते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला, तोवर ते धुळे जिल्ह्यात होते. त्याही आधी, १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेशाचे दोन भाग केले. पूर्व खानदेशाचे ठाणे जळगावला आणि पश्चिम खानदेशाचे धुळ्याला आले, तेव्हा तळोदा पश्चिम खानदेशात गेले. या गावातल्या एका घरात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दोन मुले एकत्र वाढली. मुलगा पाहुणा होता आणि मुलगी त्या घरची लेक. पुढे त्यांचे लग्न झाले. मुलगा मल्हारराव होळकर म्हणून माळव्याचा सुभेदार झाला आणि मुलीच्या, म्हणजे गौतमाबाईंच्या, नावाने एक स्वतंत्र जहागीर निघाली. 'खासगी' नावाची ती जहागीर नवऱ्याच्या दौलतीपासून वेगळी होती आणि घरातल्या बाईच्या हाती राहणारी होती. तिच्यातून उभी राहिलेली देवळे आणि घाट आजही लोकांच्या वापरात आहेत.

मराठ्यांच्या इतिहासात वारशाची भांडणे पुष्कळ आहेत. वडिलोपार्जित घरासाठी भाऊ भावावर, पुतण्या चुलत्यावर उठला, अशा हकिकतींनी बखरी भरल्या आहेत. तळोद्याची हकिकतही अशाच भांडणातून सुरू होते, पण तिचा शेवट फार वेगळा आहे, म्हणून ती मुळापासून सांगण्यासारखी आहे.

होळची भाऊबंदकी

नीरा नदीच्या काठी होळ नावाचे गाव आहे. त्या गावावरून 'होळकर' हे आडनाव आले. तिथे १६ मार्च १६९३ रोजी खंडूजी या धनगर कुटुंबातल्या गृहस्थाच्या पोटी मल्हारी जन्मला. मूल चालू-बोलू लागते न लागते तोच खंडूजी वारले. त्या काळात कोवळे पोर पदरी असलेल्या विधवेची स्थिती काय असे, हे ग्रामीण महाराष्ट्राला सांगायला नको. जमीन, वतन, मेंढरे, घर या सगळ्यांवर दिराचा, चुलत्यांचा डोळा असे. कायद्याने तिला मिळे ती पोटगी, म्हणजे अन्न-वस्त्र आणि राहायला जागा. तीसुद्धा भाऊबंदांच्या मर्जीवर.

मल्हारीच्या आईचे सासरच्या मंडळींशी पटेना. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८१८ नंतर माळव्यात राहून होळकरांची माहिती गोळा केली. खंडूजींच्या नातलगांशी तंटे झाल्यामुळे ही बाई मुलाला घेऊन खानदेशात आपल्या भावाकडे निघून गेली, असे तो लिहितो. होळपासून तळोदा जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. मधले अंतर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक. वाटेत भीमा, गोदावरी, गिरणा आणि शेवटी तापी ओलांडावी लागते. लहान मुलाला घेऊन एवढी वाट तुडवायची आणि हक्काच्या घरावर पाणी सोडायचे, हा निर्णय त्या आईने घेतला. भांडत राहिली असती तर कदाचित एखादे शेत हाती लागले असते. तिने मुलगा वाचवला.

मामाचे घर

भावाचे आडनाव बारगळ. मराठी परंपरेत त्यांचे नाव भोजराज असे येते, माल्कम नारायणजी म्हणतो. नावाबद्दल असा फरक असला तरी बाकी तपशील जुळतात. मामा गावात वजनदार होते आणि त्यांच्या पदरी थोडे घोडेस्वार होते. कंठाजी कदम बांडे हे त्या वेळी खानदेश आणि गुजरातकडे मोहिमा काढणारे मोठे मराठा सरदार. त्यांच्या चाकरीत बारगळांचे पथक होते.

तळोदा हा सागाचा मुलूख. पुढे इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने खानदेशातली इमारती लाकडाची मोठी पेठ म्हणून या गावाची नोंद केली. खानदेशातल्या उत्तम लाकडी बैलगाड्या इथे तयार होतात आणि रोशा गवताच्या तेलाचा व्यापार इथे चालतो, असेही त्यात लिहिले आहे. लाकूड हाताशी असल्यामुळे या भागातले जुने घर पाहिले की सागाचे काम लगेच डोळ्यांत भरते. खाली दगडी जोते, त्यावर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ बसवलेल्या कड्या, कड्यांच्या फटींवर लाकडाच्या किलच्या, त्यावर पाला आणि चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर चोपून बसवलेली खारी माती. हे झाले खानदेशचे धाबे. पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकावी लागते, नाहीतर घर गळते. उन्हाळ्यात मात्र हेच जाड धाबे घर गार ठेवते आणि रात्री सगळे कुटुंब वर झोपायला जाते. गढी म्हटली की याच बांधणीला मातीचे उंच तट आणि बुरूज यांची जोड मिळते. बारगळांच्या नावाने ओळखली जाणारी गढी तळोद्यात आहे, पण आता ती पडझडीला आली आहे.

मल्हारी मामाकडे मेंढरे राखू लागला. त्याच्याबद्दलची प्रसिद्ध आख्यायिका इथलीच. पोरगा रानात झोपला होता, ऊन तोंडावर आले, तेव्हा एका नागाने फणा उभारून त्याच्यावर सावली धरली. हे पाहिल्यावर हा मुलगा मेंढरांमागे फिरण्यासाठी जन्मलेला नाही अशी घरच्यांची खात्री झाली आणि त्याला घोडदळात घातले. अशीच कथा आपल्याकडे इतर राजपुरुषांबद्दलही सांगतात, त्यामुळे ती अक्षरशः घेण्याचे कारण नाही. तिच्यातला सामाजिक अर्थ मात्र खरा आहे. मामाने भाच्याला आश्रित म्हणून राबवून घेतले नाही. त्याच्या हाती घोडा आणि भाला दिला.

मामाची लेक

त्याच घरात गौतमा वाढत होती. मल्हारीची आई तिची आत्या. आते-मामेभावंडांचे लग्न उत्तर हिंदुस्थानात बहुतेक समाजांना निषिद्ध वाटते. महाराष्ट्रात मात्र मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच आहे असे पुष्कळ समाज मानतात. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात या चालीचा सविस्तर विचार केला आहे. उत्तर आणि दक्षिण यांच्या मध्ये असलेल्या महाराष्ट्रात बहिणीच्या मुलाला आपली मुलगी देण्याकडे कल दिसतो, हे त्यांनी दाखवून दिले.

तरीही हे लग्न केवळ रूढीने झाले असे म्हणता येत नाही. रूढीचा हक्क सांगायला भाच्याच्या मागे घर-दार लागते आणि मल्हारीच्या नावावर काहीच नव्हते. माल्कमने नोंदवलेला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. मल्हारी आधी स्वार झाला. सुरुवातीच्याच एका लढाईत त्याने निजामाच्या सैन्यातला एक नामांकित सरदार स्वतःच्या हाताने मारला. त्याचे नाव झाले आणि मग मामाने गौतमा त्याला दिली. हे लग्न सुमारे १७१७ मध्ये झाले असे मानतात. तेव्हा मल्हारराव चोविशीच्या घरात होते.

दोघांनी एकमेकांना लिहिलेली प्रेमपत्रे नाहीत. त्या काळात तशी असणारही नव्हती. म्हणून त्यांच्या नात्याबद्दल कल्पनेने संवाद रचण्यापेक्षा ज्या गोष्टी निश्चित आहेत त्या नीट पाहाव्यात. ही दोघे लहानपणापासून एकमेकांना ओळखत होती. गौतमाबाईंची सासू म्हणजे त्यांची सख्खी आत्या. लग्न झालेली खानदेशातली लेक वर्षभर आखाजीची वाट पाहते, कारण अक्षय्य तृतीयेच्या त्या सणाला तिला माहेरी जायला मिळते. झोके, गाणी, मैत्रिणी यांची ती चार दिवसांची मोकळीक असते. गौतमाबाईंच्या बाबतीत सासर आणि माहेर एकाच कुटुंबात होते. परक्या घरात जाऊन स्वतःला सिद्ध करण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. उलट आश्रयाला आलेला होता तो नवरा. दौलत मिळण्याच्या कितीतरी आधीपासून त्या त्याला ओळखत होत्या आणि या बरोबरीच्या पायावर त्यांचा संसार उभा राहिला.

मल्हाररावांनी पुढे आणखी लग्ने केली. द्वारकाबाई, बनाबाई आणि तलवारीशी लग्न लागलेल्या खांडाराणी हरकूबाई ही नावे होळकरांच्या इतिहासात येतात. सरदार घराण्यांतली ती चाल होती आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण पुढे जहागीर निघाली ती गौतमाबाईंच्या नावाने.

बांड्यांचे निशाण, पेशव्यांची चाकरी

१७२० नंतरच्या काही वर्षांत मल्हारराव बाजीराव पेशव्यांच्या चाकरीत आले आणि १७२५ च्या सुमारास पाचशे स्वारांचे सरदार झाले. जुन्या धन्याशी त्यांनी संबंध तोडला नाही. कदम बांड्यांचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे निशाण त्यांनी परवानगी मागून स्वतःसाठी घेतले आणि होळकरांच्या झेंड्यावर ते पट्टे कायम राहिले. खानदेशातल्या पथकात मिळालेल्या पहिल्या संधीची ही उघड कृतज्ञता होती.

१७३२ पर्यंत माळव्याची वाटणी शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात झाली. लाखोंच्या वसुलीचा मुलूख मल्हाररावांकडे आला. ही दौलत मात्र लष्करी होती. स्वार ठेवायचे, मोहिमा करायच्या, पेशव्यांना हिशेब द्यायचा. सरदार लढाईत पडला, धन्याची मर्जी फिरली किंवा वारसावरून तंटा लागला, की दौलत हातून जाई आणि घरातल्या बायका-मुलांना पुन्हा कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागे. हे मल्हाररावांनी लहानपणी आईच्या बोटाला धरून अनुभवले होते.

खासगीची सनद

२० जानेवारी १७३४ रोजी बाजीराव पेशव्यांकडून खासगी जहागिरीची सनद झाली. मल्हाररावांच्या विनंतीवरून ती गौतमाबाईंना मिळाली, असे होळकरांचा इतिहास सांगतो. या जहागिरीचा वार्षिक वसूल २,९९,०१० रुपये धरला होता. त्यातले २,६३,००० रुपये माळव्यातून यायचे. महेश्वर, सांवेर, देपालपूर, हातोद, महिदपूर असे परगणे आणि गावे त्यात होती. उरलेले ३६,०१० रुपये दक्षिणेतून यायचे, म्हणजे चांदवड, अंबड आणि कोरेगाव इथून.

खासगीचे वैशिष्ट्य म्हणजे ती दौलतीच्या हिशेबात मिसळत नसे. तिचे कारभारी वेगळे, खजिना वेगळा आणि खर्चाचा अधिकार घरातल्या मुख्य स्त्रीचा. स्वारांचा पगार थकला किंवा मोहिमेला पैसा कमी पडला, तरी खासगीवर दौलतीचा हक्क नव्हता.

हे किती वेगळे होते ते ताडून पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात चालणाऱ्या मिताक्षरा पद्धतीत स्त्रीला स्त्रीधन असे. ते बहुधा दागिने, कपडे, भांडी, आहेर या रूपात असे. एकत्र कुटुंबाच्या स्थावरात तिला वाटा नव्हता. त्याच काळातल्या इंग्लंडात लग्न होताच बायकोची जंगम मिळकत नवऱ्याची होई आणि तिच्या जमिनीचा कारभारही त्याच्याकडे जाई. तिथे विवाहित स्त्रीच्या स्वतंत्र मालमत्तेचे कायदे १८७० आणि १८८२ मध्ये झाले. त्याच्या दीड शतक आधी खानदेशच्या एका लेकीच्या नावावर परगणे लागले होते.

मल्हाररावांनी गौतमाबाईंवर किती जीव लावला, याचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही. वारशाच्या भांडणात ज्याचे घर गेले, त्याने दौलत हाती येताच तिच्यातला एक भाग भांडणाच्या बाहेर काढला आणि मामाच्या लेकीच्या हाती ठेवला.

सासूकडून सुनेकडे

१७३३ मध्ये चौंडीच्या माणकोजी शिंदे यांची मुलगी अहिल्या, मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा खंडेराव याची बायको होऊन या घरात आली. हिशेब, पत्रव्यवहार आणि कारभार यांचे पहिले धडे तिला सासू-सासऱ्यांकडून मिळाले. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने खंडेराव ठार झाले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, तेव्हा मल्हाररावांनी त्यांना थांबवले. १७६१ मध्ये गौतमाबाई वारल्या आणि खासगी सुनेकडे आली. २० मे १७६६ रोजी आलमपूर इथे मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी नातू मालेरावही गेले. घरात कर्ता पुरुष उरला नाही.

आता होळच्या भाऊबंदकीसारखाच प्रसंग राज्याच्या पातळीवर उभा राहिला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक बसवून कारभार आपल्याकडे ठेवण्याचा घाट घातला आणि पेशव्यांचे चुलते राघोबादादा यांना फौजेसह बोलावले. दादा क्षिप्रेच्या काठी येऊन थांबले. अहिल्याबाईंनी शिंदे, गायकवाड, भोसले यांना पत्रे लिहिली, तुकोजी होळकरांना फौजेसह पुढे धाडले आणि माधवराव पेशव्यांकडून आपला हक्क मान्य करून घेतला. राघोबादादांना सांत्वनाला आलेले पाहुणे होऊन इंदुरात यावे लागले आणि लढाई झाली नाही.

नंतरची व्यवस्थाही तशीच विचारपूर्वक झाली. फौज तुकोजींकडे गेली आणि खासगी अहिल्याबाईंकडे राहिली. काशी विश्वेश्वराचे देऊळ, सोमनाथचे देऊळ, महेश्वरचे घाट, वाटेवरच्या विहिरी आणि धर्मशाळा यांचा खर्च या खासगीतून झाला. अहिल्याबाईंनी देशभर बांधकामे केली हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यामागचा पैसा तळोद्याच्या बारगळांच्या लेकीला मिळालेल्या जहागिरीचा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

खानदेश सुटला, खासगी राहिली

६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा सगळा मुलूख होळकरांना सोडावा लागला. त्यात खानदेशही गेला. तापीकाठच्या थाळनेरच्या किल्लेदाराने किल्ला खाली करायला नकार दिला. फेब्रुवारीच्या अखेरीस सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने तो घेतला आणि किल्लेदार तुळशीराम यांना फाशी दिली. ज्या मुलखात मल्हारी पहिल्यांदा घोड्यावर बसला, तिथली होळकरांची सत्ता अशी रक्त सांडून संपली.

खासगी मात्र त्यानंतरही वेगळी राहिली. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. तेव्हाच्या करारात खासगीच्या उत्पन्नाच्या बदल्यात धर्मादायासाठी दरवर्षी २,९१,९५२ रुपयांची तरतूद केली गेली. १९६२ मध्ये त्यासाठी देवी अहिल्याबाईंच्या नावाने विश्वस्त संस्था झाली. वेगवेगळ्या राज्यांतली अडीचशेच्या आसपास देवळे, घाट, धर्मशाळा, छत्र्या आणि बागा तिच्याकडे आहेत. या मिळकतींवरून पुढे वाद झाले आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २१ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने निकाल दिला की ही संस्था मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली येते. १७३४ मध्ये एका पत्नीच्या नावे निघालेल्या सनदेतून आलेल्या मिळकतींचा वाद सोडवायला स्वतंत्र भारताचे सर्वोच्च न्यायालय बसले, यावरून त्या सनदेचा चिवटपणा कळतो.

चांदवडची खूण

खासगीच्या दक्षिणेकडच्या यादीतले चांदवड आज नाशिक जिल्ह्यात, मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. तिथला होळकरांचा रंगमहाल अजून पाहता येतो. नक्षीदार लाकडी खांब, भिंतींवरची चित्रे आणि जुनी बारव पाहायला थोडी वाट वाकडी करावी लागली तरी ती सार्थकी लागते.

याच चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. हजारो शेतकरी बायका तिथे आल्या. घरच्या शेतात आयुष्यभर राबूनही सातबाऱ्यावर आपले नाव नाही, ही गोष्ट या चळवळीने ऐरणीवर आणली. पुढे संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली: नवऱ्याने आपल्या जमिनीतला काही भाग आपखुशीने बायकोच्या नावावर करावा. शंभर शेतकऱ्यांनी असे केले की ते गाव लक्ष्मीमुक्तीचे गाव ठरे आणि महाराष्ट्रात अनेक गावे तशी झाली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. २००५ मध्ये तोच हक्क देशभर लागू झाला.

कायदा झाला तरी आज गावोगावी बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची चाल सुरूच आहे. तिला साडीचोळी करतात, माहेर तुटू नये म्हणून ती सही करते आणि घर-शेत भावांच्या नावावर राहते. अशा घरांनी गौतमाबाईंची हकिकत जरूर वाचावी. माया कमी असती तर मामाने परत आलेल्या बहिणीला आणि तिच्या पोराला घरात ठेवले नसते आणि नवऱ्याने बायकोच्या नावाने परगणे मागितले नसते. दोघांनीही बाईला वाटा दिला, आणि त्यामुळे नाते तुटले नाही, उलट तीन पिढ्या टिकले. तळोद्याच्या गढीचे उरलेले तट जपायला हवेत, तिथे गौतमाबाईंच्या नावाचा फलक लागायला हवा. आणि धुळे-जळगाव-नंदुरबारच्या ज्या घरात या वर्षी वाटणीपत्र होईल, तिथे लेकीचे नाव आधी लिहिले जायला हवे.